तांदळाच्या पिठाचा जोडधंदा

शेतकऱ्याचें काम चार महिन्यांचें, पण पोट बारा महिन्यांचें, ही गोष्ट उत्तर कोंकणांतील भातशेतकऱ्यास कोणी नव्यानें शिकवावी असें नाहीं. खळें आटोपलें कीं डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या बाजूचीं अल्पभूधारक आदिवासी कुटुंबें उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात. अशा स्थितींत घरच्या घरीं चालणारा एखादा धंदा ज्यांस सांपडला, त्यांनीं तो कसा वाढविला हें आमच्या वाचकांनीं समजून घेण्याजोगें आहे. म्हणून वारली चित्रकलेचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम हा प्रांत कसा आहे तें पाहूं. ता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला. तोंपर्यंत डहाणूपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा सर्व मुलूख ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. या एका जिल्ह्यांत किती तऱ्हेचे लोक नांदत आले! कल्याण बंदराच्या व्यापाऱ्यांचीं नांवें कान्हेरीच्या प्राचीन शिलालेखांत आहेत. वसईस १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता व तेथील ख्रिस्ती शेतकरी आजही मराठीच बोली बोलतात. ठाणें शहरांत बेने इस्रायल लोकांचें १८७९ सालचें प्रार्थनामंदिर आहे. भिवंडीस उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं माग मांडिले. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या पारशी व इराणी बागाइतदारांनीं नांवारूपास आणिल्या. डोंगरपट्टीस वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी हे शेजारीं राहतात. वारल्यांची बोली मराठीची, पण तींत गुजराती शब्द मिसळलेले. चैत्रांत डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हां हे सर्व लोक एका बाजारांत भेटतात.

आतां चित्रांकडे वळूं. वारल्यांचें चित्र मूळचें विक्रीचें नव्हे, लग्नाचें. लग्नघरीं भिंत शेणानें सारवून तीवर गेरूचा हात देतात व तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून, टोंक ठेंचलेल्या बांबूच्या काडीनें सवाष्णी चौक लिहितात. चौकांत पालघट देवी, शेजारच्या लहान चौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव, आणि सभोंवार झाडें, जनावरें, शेतांतलीं कामें व तारप्याच्या तालावर फेर धरणारीं माणसें. माणूस काढण्याची रीत अगदीं सोपी: दोन त्रिकोण टोंकास टोंक लावून जोडिले कीं धड झालें. धवलेरी गाणीं म्हणते व लग्न लावते. चौकावांचून लग्न होत नाहीं. रंगास पैसा लागत नसे. पीठ घरच्या भाताचें, गेरू व शेण गांवचें.

परंतु याच लग्नानें वारल्यास एके काळीं गुलाम केलें, हें विसरतां कामा नये. लग्नाच्या खर्चास सावकाराचें किंवा जमीनदाराचें कर्ज काढावें आणि तें फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावें, यास लग्नगडीची चाल म्हणत. बहुधा तें कर्ज जन्मांत फिटत नसे. जानेवारी १९४५ मध्यें कल्याण तालुक्यांतील टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली. तेथें गेलेल्या वारल्यांनीं परत येऊन त्याच वर्षीं मे महिन्यांत तलासरीकडील झरी गांवीं सभा भरविली व वेठ नाकारिली. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांनीं हा लढा चालविला. वेठ आणि लग्नगडी मोडल्यावरच वारल्याचे हात त्याचे स्वतःचे झाले.

भिंतीवरचें चित्र कागदावर आलें तें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत. भास्कर कुळकर्णी या चित्रकारांनीं पूर्वीं बिहारांत १९६६-६७ च्या दुष्काळांत मिथिलेच्या स्त्रियांस कागद देऊन त्यांच्या भित्तिचित्रांस गिऱ्हाईक मिळवून दिलें होतें. तोच प्रयोग त्यांनीं डहाणूकडे केला. येथें मात्र कागद हातीं धरला एका पुरुषानें. गंजाड गांवच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे हे ते होत. लग्नाची गरज नसतांही ते रोज चित्रें काढूं लागले. १९८९ मध्यें पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडिलीं गेलीं, २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली व २०१८ मध्यें ते वारले. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही नामांकित चित्रकार आहेत. पाड्यापाड्यांतून आतां अशीं कुटुंबें झालीं असून, शेत सांभाळून उरल्या वेळीं कागदावर व कापडावर चित्रें काढितात. यांत एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कला होती स्त्रियांची. पैसा येऊं लागल्यावर नांव मात्र बहुतेक पुरुषांचें झालें. घरच्या मिळकतींत सुनेचा व मुलीचा हात मोजला जावा, हा न्याय शेतालाही लागू आहे.

धंद्यास दोन धोके आहेत. एक मध्यस्थाचा, पाड्यावरून स्वस्तांत घेतलेलें चित्र शहरांत कितीतरी पट दरानें विकलें जातें. दुसरा छापखान्याचा; चादरी, कप, भेटवस्तू यांवर यंत्रानें छापलेल्या आकृत्या वारली म्हणून खपतात आणि वारल्यास त्यांतील पैही मिळत नाहीं. यावर एक उपाय सरकारी दफ्तरांत आहे. भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ सालच्या कायद्याखालीं वारली चित्रकलेची नोंद २०१४ मध्यें झाली. घोलवडच्या चिकूस तीच नोंद २०१६ मध्यें मिळाली. ही नोंद दर दहा वर्षांनीं नवी करावी लागते, आणि प्रत्येक उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव दाखल करितां येतें. समूहाच्या नांवें नोंद असली तरी आपलें नांव त्यांत नसेल, तर तिचा लाभ दुसराच उठवितो. सात-बाराचें जें आहे तेंच येथेंही आहे: कसणाऱ्यानें आपली नोंद वेळेवर पाहावी.

चित्रकार कुटुंबांस महसुली कामांत दिवस घालविलेल्या आमचें इतकेंच सांगणें कीं चार पैसे हातीं आले म्हणून शेत सोडूं नये. आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीवांचून बिगर-आदिवासीस देण्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ यांची मनाई आहे, ती त्यांच्याच रक्षणासाठीं. आणि आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे मुलगे ठाणें, डोंबिवलीस बिऱ्हाड करून आहेत, त्यांनीं घर सजवितांना छापील चित्र न घेतां गंजाडसारख्या गांवीं जाऊन काढणाऱ्याच्या हातून घ्यावें, त्याचें नांव चित्रावर लिहवून घ्यावें व दर ठरवितांना घासाघीस करूं नये. शिल्लक भात विकतांना व्यापारी आपल्याशीं कसा वागतो, हें आठवलें म्हणजे पुरे.