अ‍ॅव्होकाडोची अढी

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. तोडल्यावरच मऊ पडू लागतो. त्यामुळे दगडासारखं फळ घ्यायला बिचकू नका. कागदी पिशवीत पिकल्या केळ्यासोबत ठेवा, केळ्यातून सुटणारा इथिलीन वायू पुढचं बघून घेतो. कच्चं फळ फ्रिजमध्ये मात्र नको, थंडीने पिकणं अडतं. ‘हास’ जात पिकताना काळपट जांभळी होते. हिरव्याच राहणाऱ्या जातींत रंगावर विसंबू नये. देठाजवळ हलकेच दाबून पाहा. मधोमध अंगठा रुतवलात, तर डागाळलेलं फळ पुढच्या गिऱ्हाइकाच्या माथी!

कापलेला गर काळवंडतो, कारण पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनच्या मदतीने गरातल्या फिनॉलांपासून तपकिरी रंगद्रव्यं घडवतं. लिंबाचं आम्ल त्याला आवरतं. बी ठेवल्याने मात्र फक्त बीखालचाच गर वाचतो.