काल नेलेला खवा

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या आहेत. आर्णीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका डेअरीपुढेही गर्दी आहे, पण घेत कोणी काहीच नाही. यवतमाळहून अन्न व औषध प्रशासनाची माणसं आली आहेत.

डीप फ्रीजर उघडताच आंबूस भपकारा रस्त्यापर्यंत येतो. खव्याच्या गोळ्यांवर हिरवट बुरशी. अन्न सुरक्षा अधिकारी एक गोळा दाबून पाहतात, बोटाला तार येते. पनीरच्या पिशव्या फुगल्यात. त्यांवर ना तारीख, ना बनवणाऱ्याचं नाव.

"साहेब, रातभर लाईन नोयती जी," मालक काकुळतीला येतो. लाईन गेलीही असेल, पण एवढी बुरशी एका रात्रीत धरत नाही.

"एका किलोले पाच लिटर दूध आटते," शेजारचा दूधवाला हळहळतो. मलाही त्या दुधाचं वाईट वाटतं.

पंच येतात. त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या खव्याचा नमुना घेतला जातो. चार सारखे भाग, चार कोरड्या बरण्या, प्रत्येकीत फॉर्मॅलिनचे थेंब. वर कागद, चिठ्ठी, दोरा, लाख. मालकाची सही अशी घेतात की अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी खालच्या कागदावर उमटावी, म्हणजे मधे कोणी हात घातला तर कळेल. हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. विश्लेषकाच्या अहवालाला कायद्यानं १४ दिवसांची मुदत आहे. तोवर महालक्ष्म्या उठूनही गेलेल्या असतील. म्हणून उघड नासलेल्या मालासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं ३८ वं कलम कामी येतं: जप्त करा, लेखी नोटीस द्या, नष्ट करा. मालक नोटीस न वाचताच सही करतो. गोळे गाडीत पडू लागतात. वर फिनाईल ओततात, कोणी उचलून नेऊ नये म्हणून.

एवढ्यात एक आजी गर्दीतून पुढे घुसतात.

"अन् म्या काल नेला तो? नातवाले चाखाले देल्ला ना!"

अधिकाऱ्यांचा पेन थांबतो. "उलटी, जुलाब काही?"

"नाही जी."

"उरलेला टाकून द्या. पोट बिघडलं तर लगेच सरकारी दवाखान्यात न्या. बिल आहे?"

"बिल कोन देते जी?"

मालकाची वही मागवतात. कालच्या विक्रीची रक्कम आहे, नाव एकाचंही नाही. आजी मागे वळून गर्दीलाच विचारतात, "काल अजून कोन कोन होत्या वो इथं?" दोघीतिघी मोबाईल काढतात.