सुरतेचे दगड आणि सुरतेची नावे

विद्यार्थी मित्रहो, आपले सुरत शहर फार जुने आहे, असे आपण नेहमी ऐकतो. तथापि ते जुनेपण डोळ्यांनी पाहावयाचे, तर कोठे जावे?

प्रथम तापीकाठचा किल्ला पाहावा. पोर्तुगीजांपासून बंदराचे रक्षण व्हावे म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंदखानाने तो सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधविला. जवळच १६४४ सालची मुघल सराई आहे. एके काळी यात्रेकरू व व्यापारी जेथे उतरत, तेथे आज महानगरपालिकेचे कामकाज चालते. पुढे कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांची जुनी दफनभूमी असून तीत क्रिस्टोफर व जॉर्ज ऑक्झेंडन या बंधूंची भव्य समाधी आहे.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांची वखार मात्र याच जॉर्ज ऑक्झेंडनने लढविली. ही स्वारी आपण स्वराज्याच्या खजिन्यासाठी केलेला पराक्रम म्हणून वाचतो. परंतु त्या दिवसांत येथील कित्येक घरे जळाली, हेही तितकेच खरे. सुरतेत राहून मराठी शिकणाऱ्या मुलाने या दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात. एकीसाठी दुसरी विसरू नये.

त्या वेळी शहराभोवती केवळ मातीचा कोट होता. स्वारीनंतर विटांचा तट उभा राहिला. आज तोही नाही. पण दिल्ली दरवाजा, सहारा दरवाजा, उधना दरवाजा ही नावे आपण रोज उच्चारतो. तेव्हा नाव हासुद्धा एक शिलालेखच नव्हे काय?

या तटबंदीच्या शहरास आगगाडीने नवे दार उघडून दिले. १८६० मध्ये अंकलेश्वरपासून तापीच्या उत्तर तीरावरील उतराणपर्यंत गाडी धावू लागली आणि १८६४ मध्ये सुरत मुंबईशी जोडली गेली. पुढे १९०० मध्ये तापी खोऱ्यातील लोहमार्ग अमळनेरपर्यंत पोहोचला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही त्यावरील स्थानके. याच मार्गाने खानदेशातील असंख्य माणसे कामधंद्यासाठी सुरतेस आली. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तेव्हा नवापूरचे स्थानकच सीमेवर आले. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आहे. गाडी मात्र पूर्वीप्रमाणेच दोहोंतून जाते.

अधिकाऱ्यांना समाध्या लाभल्या. वळकटी खांद्यावर घेऊन उधन्यास उतरलेल्या माणसाच्या नावाचा दगड कोठेही नाही. त्याची आठवण केवळ घरातील वडील माणसांच्या बोलण्यात आहे. म्हणून मित्रहो, येत्या सुटीत किल्ला अवश्य पाहा, परंतु त्याआधी आपल्या आजोबांना किंवा आजीला विचारा, “आपले घर कोणत्या गावाहून, कोणत्या साली येथे आले?” मिळालेले उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. सुरतेच्या इतिहासातील ते पान दुसरे कोणी लिहिणार नाही.