लहान स्पीकर की मोठा? आधी खोली मोजा

घरात संगीत ऐकण्यासाठी स्पीकरची जोडी घ्यावयाचे ठरले, की दुकानात बहुधा एकच प्रश्न समोर येतो: चार इंची लहान जोडी घ्यावी, की साडेसहा इंची मोठी? दोन्ही ‘बुकशेल्फ’ याच नावाने विकल्या जातात. किमतीत मात्र बरेच अंतर पडते. व्यापारी कुटुंबांना माल पारखून घेण्याची सवय असतेच. परंतु येथे मालाइतकीच पारख आपल्या खोलीचीही करावी लागते.

हे इंच म्हणजे खालचे स्वर वाजविणाऱ्या पडद्याचा व्यास. साडेसहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ चार इंचीच्या सुमारे अडीचपट भरते. तो अधिक हवा हलवितो, म्हणून खर्ज अधिक सहजतेने उमटतो. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ असतो. लहान स्पीकर बहुधा याच सुमारास क्षीण होऊ लागतो. मोठा साधारणतः ५० हर्ट्झपर्यंत टिकतो. डग्ग्याची घुमक मोठ्या जोडीतच भरदार लागते, हे मान्य केले पाहिजे.

मग सरळ मोठीच जोडी का घेऊ नये? याचे उत्तर खोली देते. खोली १२ फूट लांब असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहतो. मोठा स्पीकर नेमके याच घुमण्याला बळ देतो आणि शब्द त्याखाली दबतात. घरातील वडीलधाऱ्यांना स्तवनातील वा भावगीतातील शब्द स्पष्ट ऐकावयाचे असतात. त्यांच्या दृष्टीने हा तोटाच. शिवाय खालचे स्वर भिंतीपलीकडे सहज पोहोचतात. सदनिकेत शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

लहान म्हणजे दुय्यम, असेही समजू नये. बीबीसीने १९७०च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीतील अपुऱ्या जागेसाठी ‘एलएस ३/५ए’ हा छोटा स्पीकर घडविला. मानवी आवाजाच्या नितळपणासाठी तो आजही नावाजला जातो.

हिशेबाची आणखी एक बाब ॲम्प्लिफायरची. माहितीपत्रकात स्पीकरची संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. ८७ डेसिबलच्या जोडीला जेथे २० वॅट पुरतात, तेथे ८४ डेसिबलच्या जोडीला तेवढ्याच आवाजासाठी ४० वॅट लागतात. लहान जोड्यांची संवेदनशीलता पुष्कळदा कमी असते; त्यामुळे स्पीकरवर वाचलेले पैसे ॲम्प्लिफायरवर खर्च होणार नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

सारांश असा: १० बाय १२ फुटांची खोली आणि सहा-सात फुटांवरून ऐकणे असेल, तर लहान जोडी पुरेशी आहे. दिवाणखाना प्रशस्त असेल, दहा-बारा फुटांवर बसून चारजण एकत्र ऐकणार असतील, तर मोठी जोडी घ्यावी.

नाव ‘बुकशेल्फ’ असले, तरी कोणतीही जोडी पुस्तकांच्या फटीत कोंबू नये. भिंतीपासून, विशेषतः कोपऱ्यापासून, फूट-दीड फूट पुढे, कानाच्या उंचीवर ठेवावी. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. दुकानाच्या दालनातील आवाज घरी तसाच राहत नाही. म्हणून परिचयाचे एखादे गाणे घेऊन शक्यतो घरीच चाचणी मागावी, आणि ज्या जोडीवर शब्द स्पष्ट कळतात तिचेच पैसे चुकते करावेत.