परसात टेनिस कोर्ट : खांब पक्का तर खेळ पक्का

आम्ही शिक्षक शाळेत दरवर्षी पाहतो, सातवी-आठवीनंतर मुली मैदानावर दिसेनाशा होतात. "आता मोठी झालीस" एवढे म्हटले की रॅकेट कपाटात जाते. घरामागे मोकळी जागा असेल, तर खेळ घरीच आणता येतो. सानिया मिर्झा हैदराबादेत शेणाने सारवलेल्या कोर्टावर शिकली आणि 2015 मध्ये दुहेरीत जगात अव्वल ठरली.

कोर्ट 23.77 मीटर लांब, दुहेरीसाठी 10.97 मीटर रुंद. भोवती पळायला जागा धरून सुमारे सहा गुंठे लागतात. लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी. सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही.

जमीन मुरमाची चालेल, पण खांबांत काटकसर नको. ताणलेले जाळे दोन्ही खांबांना सतत आत ओढते. उथळ खड्ड्यातला खांब झुकतो आणि जाळे लोंबते. खड्डा दोन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल घ्यावा. दोन्ही खांबांच्या मध्यांत 12.80 मीटर अंतर हवे. काँक्रीटमध्ये आधी लोखंडी पाइप ओळंब्याने सरळ बसवावा, तळाशी खडी घालावी म्हणजे पावसाचे पाणी मुरते. खांब त्यात उभा केला की हवा तेव्हा काढता येतो. किमान सात दिवस ओले गोणपाट ठेवावे. जाळे 28 दिवसांनंतरच ताणावे. खांबाजवळ उंची 1.07 मीटर, मध्यावर 0.914.

पाणी मारायचे काम मुलीलाच द्यावे. कोर्ट तिचे आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून कळू द्या.