वेतन आयोगाचे बिल कोणाच्या नावावर?

आठव्या वेतन आयोगाच्या चर्चेत सध्या एकाच आकड्याला भाव आहे, तो म्हणजे फिटमेंट फॅक्टर, जुन्या मूळ वेतनाला ज्याने गुणून नवे वेतन ठरते तो गुणक. गेल्या वेळी २.५७ होता, आता किती? पगाराचे तयार तक्ते व्हॉट्सॲपवर फिरू लागले आहेत. पण न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या आयोगाला जी कार्यकक्षा ठरवून दिली आहे, तिच्यातल्या एका मुद्द्याकडे मंत्रालयाने आणि कर्मचारी संघटनांनीही नीट पाहायला हवे. राज्ये थोड्याफार फरकाने याच शिफारशी लागू करतात, तेव्हा त्यांच्या तिजोरीवर काय परिणाम होईल याचाही विचार आयोगाने करायचा आहे.

महाराष्ट्रात केंद्राच्या पावलावर पाऊल टाकण्याची ही रीत आपोआप पडलेली नाही. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी संपावर गेले. संप ५४ दिवस चालला. मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची होती आणि पुढे ती मान्यही झाली. तेव्हापासून दर दिल्लीत ठरतो आणि मुंबईत घासाघीस होते ती तारखेवर आणि हप्त्यांवर. सातवा आयोग कागदावर १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. नवा पगार हातात पडू लागला तो २०१९ मध्ये, तोही ऑगस्ट २०१८ च्या तीन दिवसांच्या संपानंतर. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचे ठरले, कोविडच्या काळात तेही लांबले.

एसटीत निदान वेतन करार नावाची गोष्ट आहे. २०१८ मध्ये ४,८४९ कोटींची वाढ जाहीर झाली आणि ती पूर्ण मिळाली की नाही यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. तरी वाद घालायला आकडा समोर होता. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत संप मिटतो तो आश्वासनावर, बैठकीच्या इतिवृत्तावर, फार तर एखाद्या समितीवर. नक्की किती खर्च मान्य केला आणि तो कुठून भागवणार, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही.

तो भागवला कसा जातो, हे पाहायचे तर पाचव्या आयोगानंतरची दहा वर्षे पाहावीत. १९९६ पासूनच्या वाढीव पगाराने राज्याची तिजोरी हलली. सेवेत असलेल्यांच्या पगाराला हात लावणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. मग हात पडला तो अजून नोकरीत न आलेल्यांवर. २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. पात्रता तीच, वर्ग तोच, फळा तोच, पण पहिली तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. ज्यांच्यासाठी वाटाघाटी झाल्या त्यांना वाढ मिळाली, आणि ज्यांचा प्रतिनिधी त्या टेबलावर नव्हता त्यांच्या नावावर बिल फाडले गेले.

हे जुने प्रकरण नाही. २०२३ मध्ये प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन १६,००० झाले. शेजारच्या वर्गावरच्या नियमित शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये आहे. जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के दराने त्यावरचा महागाई भत्ता होतो १६,०६० रुपये. म्हणजे एकाचा नुसता महागाई भत्ता दुसऱ्याच्या पूर्ण महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. दोघे एकाच शाळेत, एकाच हजेरीपटावर सही करतात. हा अन्याय आहे, आणि तीन वर्षांनी तो आपोआप संपतो म्हणून तो कमी होत नाही.

ज्यांची पेन्शन २००५ मध्ये गेली, ते पुढे संख्येने वाढले आणि संघटितही झाले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर उतरले, त्यात या पिढीचा जोर होता. त्याआधी तीनच महिने देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरच्या अधिवेशनात जुन्या पेन्शनचा बोजा १ लाख १० हजार कोटींचा सांगून राज्य दिवाळखोरीत जाईल असे बजावले होते. संप सात दिवसांत समितीवर मिटला. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेलाही राज्याने लगेच होकार दिला.

मागणी रास्त होती असे माझे मत आहे. बाजारावर सोडलेल्या म्हातारपणाची भीती खोटी नव्हती. पण अशा हमीचा हिशेब फसवा असतो. २००६ मध्ये पंचविशीत लागलेला कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०३९ मध्ये निवृत्त होईल. आश्वासन देणाऱ्याच्या अर्थसंकल्पात त्याच्या पेन्शनचा रुपयाही दिसत नाही.

आज वेतन, पेन्शन आणि व्याज मिळून राज्याच्या महसुली जमेतला निम्म्याहून अधिक पैसा जातो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातच महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती. लाडक्या बहिणींसाठीची ३६ हजार कोटींची तरतूद त्याच वर्षीची. अशा वेळी वित्त विभागाच्या हातात सोपा उपाय एकच उरतो, भरती रोखणे. पदे रिकामी राहतात, तलाठ्याकडे शेजारच्या सज्जाचाही भार येतो, आरोग्य केंद्रात कंत्राटी परिचारिका वर्षानुवर्षे मुदतवाढीची वाट पाहते. सप्टेंबर २०२३ मध्ये तर नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. स्पर्धा परीक्षेची पोरे रस्त्यावर आली तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, तो मागे घ्यावा लागला. रिक्त जागा मात्र तशाच राहिल्या.

आयोगाला अहवालासाठी अठरा महिने दिले आहेत. त्यानंतर राज्य आपली समिती नेमेल आणि थकबाकीचे मीटर तोवर चालूच राहील. राज्याच्या समितीला वेतनश्रेण्या ठरवण्याबरोबर आणखी एक काम द्यावे. मान्य होणाऱ्या प्रत्येक वाढीचा पुढच्या वीस वर्षांचा खर्च, पेन्शनसह, आणि त्या काळात किती मंजूर पदे भरली जाणार याचे वेळापत्रक तिने एकाच कागदावर विधिमंडळात मांडावे. कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीनेही आपल्या मागणीपत्रात फिटमेंट फॅक्टरच्या बरोबरीने शिक्षण सेवकाचे मानधन आणि रिक्त पदे वरच्या क्रमांकावर घ्यावीत. वाटाघाटीच्या टेबलावर त्या पोरांची बाजू मांडणारे दुसरे कोणी नाही.