दुधाचा गुण आणि दुधाचा भाव

ज्या पदार्थावाचून आपल्या घरातील एकही सकाळ सुरू होत नाही, त्याविषयी आपणांस किती थोडे ठाऊक असते, ह्याचा प्रत्यय आम्हांस नुकताच आला. प्रसंग अगदी घरगुती होता. सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त आमच्याकडे चार आप्त जमले होते. पंचामृताची तयारी चालली असता आमच्या धाकट्या वहिनींनी आपल्या पिशवीतून तुपाची एक काचेची बरणी काढली आणि त्या कौतुकाने म्हणाल्या, "आत्याबाई, हे ए-टू दुधाचे तूप आहे. मुलांना आता मी हेच घालते. साधे दूध-तूप बाधते म्हणतात." आत्याबाईंनी बरणीवरची किंमत चष्मा लावून वाचली, ती हळूच खाली ठेवली आणि त्या म्हणाल्या, "अग, आमचे सारे बालपण साध्याच तुपावर गेले. आम्हांला बाधायचे ते राहून गेले म्हणायचे!"

सर्वजण हसले. आमच्या मूळ गावचे एक शेजारी, जे राहुरीजवळ स्वतः दहा-बारा गाई सांभाळतात, तेही त्या दिवशी आले होते. ते इतका वेळ गप्प होते. हसणे ओसरल्यावर ते एवढेच म्हणाले, "वहिनी, दुधाचा गुण सगळे विचारतात. भाव कोणी विचारत नाही." त्या एका वाक्याने आमच्या मनात जो विचार सुरू झाला, तोच येथे वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम गुणाचा विचार करू. दुधात जी प्रथिने असतात त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसीन नावाच्या वर्गातील असतात. त्यातील बीटा-केसीन हे एक प्रथिन २०९ घटकांच्या साखळीने बनलेले आहे. ह्या साखळीतील सदुसष्टाव्या जागी काही गाईंच्या दुधात प्रोलिन असते, तर काहींच्या दुधात हिस्टिडिन. पहिल्यास ए-टू म्हणतात, दुसऱ्यास ए-वन. भेद म्हणावयाचा तो एवढाच. ए-वन पचत असता त्यातून एक लहान तुकडा सुटतो आणि तो मधुमेह, हृद्रोग इत्यादी विकारांस कारण होतो, असा तर्क काही संशोधकांनी मांडला. २००७ साली न्यूझीलंडमधील कीथ वुडफर्ड ह्यांनी ह्या विषयावर एक पुस्तक लिहिले आणि वादास जगभर तोंड फुटले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली सर्व पुरावा तपासला, तेव्हा ह्या तुकड्याचा आणि त्या रोगांचा कार्यकारणसंबंध दिसून आला नाही. काही लोकांच्या पोटास ए-टू दूध किंचित हलके वाटते, असे पुढील काही लहान प्रयोगांत आढळले आहे; परंतु तेवढ्यावरून साध्या दुधास विष ठरविणे हा अतिरेक होय.

आता आमच्या वहिनींच्या तुपाकडे वळू. ए-वन आणि ए-टू हा भेद प्रथिनांतील आहे, आणि तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्धांश. आपल्या नियमांप्रमाणेच तुपात किमान ९९.५ टक्के दुधातील स्निग्ध पदार्थ असावा लागतो. जेथे प्रथिन नावालाही उरत नाही, तेथे त्या प्रथिनाची जात सांगून दुप्पट-तिप्पट दाम घेणे म्हणजे काय, हे सुज्ञांस सांगणे न लगे. दुसरी गंमत अशी की म्हशीचे दूध मुळातच ए-टू असते. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जे म्हशीचे दूध येत होते, ते कोणत्याही जाहिरातीशिवाय ए-टूच होते! आणि ज्यांना दूध प्याल्यावर पोट फुगण्याचा त्रास होतो, त्यांपैकी अनेकांस तो दुधातील साखरेमुळे होतो. ती साखर दोन्ही दुधांत सारखीच. अशांनी दूध बदलण्यापेक्षा ताजे दही घेऊन पाहावे. विरजणाने त्या साखरेचा काही भाग आधीच संपविलेला असतो.

ह्या प्रश्नावर सरकारी नियमनाची काय कथा झाली तीही पाहण्यासारखी आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी सूचना काढली की ए-वन, ए-टू असे दावे वेष्टनांवरून काढून टाकावेत, कारण ते दिशाभूल करणारे आहेत. पुढे पाच दिवसांनी, २६ ऑगस्ट रोजी, संबंधितांशी अधिक विचारविनिमय करावयाचा आहे असे सांगून तीच सूचना मागे घेण्यात आली. गृहिणीने ह्यातून काय बोध घ्यावा? पाच दिवसांत शास्त्र बदलत नाही. बदलला तो केवळ हुकूम.

परंतु आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न ह्याच्या पलीकडचा होता, आणि तो समजण्यासाठी त्यांच्या गोठ्यात डोकावले पाहिजे. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, दुधाच्या बाबतीत महाराष्ट्रात अग्रभागी आहे. तेथे सर्वत्र सुबत्ता आहे असे मात्र नव्हे. प्रवरेच्या कालव्याखाली ऊस उभा आहे, तर पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड ह्या भागांत पावसाची वाट पाहण्यात वर्ष सरते. अशा ठिकाणी पिकाचा पैसा आला तर वर्षातून एकदा येतो. दुधाचा पैसा मात्र सामान्यतः दर दहा दिवसांनी हाती पडतो. किराणा, शाळेची फी, औषधपाणी हे सारे त्यातून भागते. म्हणून गाय ही तेथे केवळ पूज्य नाही. घराची ती मासिक मिळकत आहे.

ती गाय कोणती? अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात डांगी ही काटक देशी जात आहे. मुसळधार पावसात भाताच्या शेतात काम करावे ते तिच्या बैलांनीच. पण दूध बेताचे. त्यामुळे दुधावर पोट भरावयाचे तर संकरित गाय हवी, असा विचार पुढे आला. मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या संस्थेने संकराचे कार्य गावोगाव पोचविले. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि आपली गीर अशा तिहींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार केली. आज ज्या गाईला शहरात कोणी नाक मुरडून 'विलायती' म्हणतो, तिच्याच दुधावर हजारो कुटुंबे उभी राहिली आहेत. जिच्या नावाने आपण बाटली विकत घेतो ती गीरही ह्या त्रिवेणीत आहेच!

हे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाते. तेथे यंत्र दुधाचे फॅट सांगते आणि डिग्री पाहिली जाते. फॅट म्हणजे स्निग्धांश. त्याखेरीजचे प्रथिने, साखर, क्षार हे घनपदार्थ म्हणजे एसएनएफ. ह्या दोन आकड्यांवर दर ठरतो. कायद्याने गाईच्या दुधात किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ असावे. एवढे असले की ते दूध शुद्ध. परंतु राज्यात भाव ठरविताना पुष्कळ वेळा ३.५ आणि ८.५ हे प्रमाण धरले गेले. त्याहून जितका अंश कमी, तितकी दरात कपात. म्हणजे दूध कायद्याने निर्मळ असूनही भावाने उणे ठरू शकते. उन्हाळ्यात ओला चारा संपला किंवा गाय नुकती व्याली, तर हे अंश आपोआप हलतात. त्यात पाणी घातल्याचा दोष कोणाचाच नसतो.

मापाची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. १९४६ साली मुंबईत दारा खुरोडी ह्यांनी म्हशीच्या सकस दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी योग्य प्रमाणात मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध तयार केले आणि ते गरिबांच्या मुलांपर्यंत पोचविले. दुधात उघडपणे पाणी घालून त्याचे पोषण राखता येते, ही कल्पना त्या वेळी अनेकांस विचित्र वाटली असेल. आज पिशवीवर ३.० फॅट, ८.५ एसएनएफ असे छापलेले टोन्ड दूध आपण बिनदिक्कत घेतो. मात्र ज्या भुकटीने शहरास दूध मिळाले, तिचीच बाजारपेठ घसरली की गोठ्यातील दुधाचा भाव घसरतो. २०१८ साली असेच झाले. भुकटीचे साठे पडून राहिले आणि शेतकऱ्यास लिटरमागे १७ ते २० रुपये मिळू लागले.

त्या आधी एक वर्ष ह्याच जिल्ह्याने सबंध राज्याचे लक्ष वेधून घेतले होते. राहाता तालुक्यातील गोदाकाठचे पुणतांबे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे आपणांस परिचित आहे. तेथील ग्रामसभेने एप्रिल २०१७ मध्ये ठराव केला की शेतकऱ्यांनी संप करावा. १ जून २०१७ रोजी संप सुरू झाला आणि शहरांकडे जाणारे दूध व भाजी अडली. आम्हांस तो आठवडा चांगला स्मरतो. सकाळी पिशवी आली नाही. घरी लहान मूल होते. रस्त्यावर दूध ओतल्याची चित्रे पाहून आमच्या घरातील वडीलधारी मंडळी कळवळली. अन्नाचा असा अवमान त्यांना सोसवेना. त्यांचा कळवळा खरा होता, आणि आजही दूध ओतणे आम्हांस पटत नाही. परंतु त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही असे विचारले नाही की जो मनुष्य पहाटे चारला उठून धार काढतो, त्याला ते ओतून द्यावेसे का वाटले असेल?

संप मिटला. त्याच महिन्यात कर्जमाफी जाहीर झाली आणि गाईच्या दुधाचा खरेदीदर २७ रुपये ठरला. पुढच्याच वर्षी तो कागदावर राहिला, हे वर आलेच. जुलै २०१८ मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि २५ रुपये ठरले. २०२३ साली ३.५ आणि ८.५ प्रतीच्या दुधास ३४ रुपये ठरविण्यात आले. वर्ष संपण्यापूर्वीच प्रत्यक्षातील दर त्याच्या पुष्कळ खाली उतरला. २०२४ च्या आरंभी लिटरमागे ५ रुपये अनुदानाची योजना आली. त्याच वर्षी जुलैत अकोले तालुक्यातील कोतूळ येथे उत्पादक ४० रुपयांच्या मागणीसाठी धरणे धरून बसले. दर ठरतो, मोडतो, आंदोलन होते आणि पुन्हा ठरतो, असा हा क्रम आहे.

येथे कोणी म्हणेल, "हा शेतकऱ्यांचा आणि सरकारचा प्रश्न. आम्ही पिशवीचे पैसे वेळेवर देतो. आमचा ह्यात काय संबंध?" संबंध आहे, आणि तो आपल्या मुलांच्या पेल्यापर्यंत येतो. २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. ज्या भेसळीची आपणांस रात्रंदिवस धास्ती असते, तशी घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. परंतु ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मर्यादेहून अधिक होते. हे विष दुधात कोणी मिसळीत नाही. ओलसर, बुरसलेली पेंड किंवा कडबा गाईच्या पोटात गेला की ते दुधात उतरते. दूध कितीही उकळले तरी ते नष्ट होत नाही. म्हणजे गृहिणीच्या हातात त्यावर काहीच उपाय नाही. उपाय गव्हाणीत आहे: चांगली वैरण, कोरडी पेंड, नीट झाकलेला मुरघास. ह्यांस पैसा लागतो आणि तो पैसा दुधाच्या भावातूनच येतो. लिटरमागे खर्चही सुटत नसेल, तर बुरसलेली पेंड फेकून द्या असे त्या मनुष्यास कोणत्या तोंडाने सांगावे? तेव्हा गुणाचा प्रश्न आणि भावाचा प्रश्न हे दोन नाहीत. भाव हाच गुणाचा पाया आहे.

आम्हांस ह्याची दुसरी बाजूही दिसते. ज्या घरी मोजक्या पगारात चार तोंडे आहेत, तेथे दूध दोन रुपयांनी वाढले तरी एक पेला कमी होतो. म्हणून केवळ दर वाढवा असे म्हणून हा प्रश्न सुटणारा नाही. गोठ्यातील भाव आणि पिशवीवरील किंमत ह्यांच्यामधील अंतर किती, ते कोठे जाते आणि भुकटीचा बाजार पडला की त्याचा सर्व भार एकट्या उत्पादकावर का पडतो, हे उघड झाले पाहिजे. पिशवीवर तारीख छापतात, फॅट छापतात, एसएनएफ छापतात. त्याच ओळीत उत्पादकास लिटरमागे काय मिळाले, एवढा एक आकडा छापण्याचा नियम झाला तर? शाईचा खर्च तो कितीसा! परंतु प्रत्येक स्वयंपाकघरात रोज सकाळी तो आकडा वाचला जाईल, आणि जे वाचले जाते त्याविषयी बोलले जाते.

तोपर्यंत आमच्या भगिनींनी एवढे तरी करावे. ए-टू तुपावरचा जादा खर्च निश्चिंतपणे वाचवावा. नेहमीचे दूध फॅट आणि तारीख पाहून घ्यावे. कोणाला दूध खरोखरच बाधत असेल, तर बाटली बदलण्याआधी वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि दूधवाल्यास किंवा डेअरीच्या दुकानात अधूनमधून सहज विचारावे, "गोठ्यात काय भाव मिळतो हो सध्या?" उत्तर बहुधा मिळणार नाही. तरीही विचारावे.

पूजा आटोपल्यावर आमचे शेजारी निघाले, तेव्हा वहिनींनी त्यांना प्रसादाचा द्रोण दिला आणि जरा संकोचून विचारले, "काका, ह्या महिन्यात काय भाव मिळाला?" त्यांनी आकडा सांगितला. आत्याबाईंनी तो ऐकला, बरणीवरची किंमत पुन्हा एकदा वाचली आणि ह्या खेपेस त्या काही बोलल्या नाहीत.